वाचकांचे प्रश्न : तापट बल्ब आणि टॉर्चचा रिफ्लेक्टर

टॉर्चमध्ये जास्त वॅटचा हॅलोजन बल्ब बसवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि आतल्या सेलनाही. घोळ नको म्हणून इथे बॅटरी म्हणजे फक्त सेल किंवा सेलचा संच, आणि हातात धरायची ती टॉर्च.

प्रश्न : आमच्याकडे शेतीपंपाला रात्रीची लाइट असते, त्यामुळे पिकाला पाणी देताना दारं धरायला मोठी सर्चलाइट लागते. ६ व्होल्ट ४.५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, १०० मिमी व्यासाचा प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर, मूळ बल्ब ५ वॅटचा. त्यात सूक्ष्मदर्शकात असतो तो ६ व्होल्ट २० वॅटचा दोन पिनांचा हॅलोजन बसवला. उजेड झकास पडला, पण सहा-सात मिनिटांत रिफ्लेक्टरचं मधलं भोक लांबोळकं झालं आणि भोवतीची चमक तपकिरी पडली. मागून उष्णतारोधक रंग मारला किंवा आतून फॉइल चिकटवलं, तर रिफ्लेक्टर वाचेल का? — शेतकरी वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : दोन्हींनी वाचणार नाही. सायलेन्सरला मारतात तो ६०० अंशांचा चंदेरी रंग स्वतः टिकतो, खालच्या प्लॅस्टिकला टिकवत नाही. फॉइल कितीही जपून चिकटवलं तरी सुरकुत्या राहतात, आणि प्रत्येक सुरकुती उजेड भलतीकडे फेकते. झोत जाऊन नुसता पसरट उजेड उरतो. शिवाय फॉइलखालचा गोंद प्लॅस्टिकच्याही आधी सुटतो.

अशा सर्चलाइटचे रिफ्लेक्टर बहुधा एबीएस प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्यावर निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. एबीएस साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट १४५च्या आसपास. आता बल्बकडे बघा. हॅलोजनचं चक्र (उडालेलं टंगस्टन काचेवर बसू न देता पुन्हा तारेवर आणणारं) चालायला त्याच्या काचेच्या भिंतीचं तापमान किमान २५० अंश लागतं. म्हणजे हा बल्ब थंड ठेवायचाच नसतो, पंखा लावून गार केला तर तो काळवंडतो. अडीचशे अंशांची वस्तू प्लॅस्टिकच्या भोकात एक-दीड मिलिमीटरवर उभी केल्यावर जे व्हायचं तेच झालं. विजेचा जेमतेम दहावा हिस्सा उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. ५ वॅटला निभावत होतं ते २० वॅटला निभावणार नाही.

मोटारीच्या हेडलाइटचे रिफ्लेक्टरही हल्ली प्लॅस्टिकचे असतात, ते ५५ वॅटला कसे टिकतात, असा प्रश्न इथे पडेल. ते प्लॅस्टिक वेगळ्या जातीचं, काचतंतू घातलेलं आणि एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं असतं. शिवाय आत हवा भरपूर आणि मागे श्वासनळ्या असतात. टॉर्चच्या डोक्यात यातलं काहीच नाही.

तेव्हा रिफ्लेक्टर धातूचाच हवा. १०० मिमीच्या जवळपासचा सहज मिळणारा धातूचा रिफ्लेक्टर म्हणजे ट्रॅक्टरच्या कामाच्या दिव्यातला किंवा जुन्या फॉगलॅम्पमधला, एच३ बल्बचा. गॅरेजवाल्यांकडे फुटक्या काचेचे दिवे पडलेले असतात. घेताना लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर पत्रा पोलादी आहे, चालेल, पण आतला थर गंजाने फुगलेला नसावा. चिकटला नाही तर बहुधा ॲल्युमिनियम, आणि ते जास्त बरं, कारण उष्णता भोकाजवळून कडेपर्यंत लवकर पसरते.

पुढचं काम असं. रिफ्लेक्टरमागे २ मिमी जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गोल चकती लावा. तिच्या मधोमध बल्बच्या व्यासापेक्षा २ मिमी मोठं भोक पाडा, म्हणजे सगळीकडून १ मिमी मोकळी जागा राहते. रिफ्लेक्टरचं स्वतःचं भोक मोठं असलं तरी हळहळू नका. १५ मिमी नाभीय अंतराच्या (वक्राच्या तळापासून नाभीपर्यंत, म्हणजे बल्बची तार जिथे हवी त्या बिंदूपर्यंत) रिफ्लेक्टरला १२ मिमीचं भोक असेल तर उजेडाचा सुमारे ४ टक्के भाग त्यातून मागे जातो, १६ मिमीचं असेल तर ७ टक्क्यांच्या आत. शिवाय बल्बच्या अगदी जवळचा भाग फिलामेंटची (बल्बमधल्या तारेची) सर्वांत मोठी, पसरट प्रतिमा फेकतो, लांबच्या झोतात त्याचा वाटा कमीच.

होल्डर चिनी मातीचा, जी४ जातीचा घ्या. यात पिनांमधलं अंतर ४ मिमी असतं. १२ व्होल्ट ५० किंवा १०० वॅटच्या बल्बना जीवाय६.३५ लागतो, त्याच्या पिना ६.३५ मिमी अंतरावर आणि जाड असतात. जी४मध्ये त्या कोंबू नका, पट्ट्या फाकतात. होल्डर चकतीवर एम३च्या दोन स्क्रूंनी बसवा. स्क्रूंची भोकं गोल न ठेवता कानशीने लांबट करा आणि मध्ये वॉशर टाका, म्हणजे बल्ब पुढेमागे आणि डावीउजवीकडे सरकवता येईल. बल्बची पिन किंवा होल्डरची उघडी पट्टी रिफ्लेक्टरला कुठेही लागत नाही ना, हे मल्टिमीटरने तपासा. प्लॅस्टिकच्या रिफ्लेक्टरला ही भीती नव्हती, धातूचा म्हणजे तो स्वतःच वायर आहे. बॅटरीच्या तारेत मोटारीचा ७.५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज घालाच.

वायर ०.७५ चौरस मिमीची तांब्याची. होल्डरपासूनचे पहिले दहा सेंटिमीटर तिच्यावर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा, मोटार वाइंडिंगच्या दुकानात ती मीटरवर मिळते. होल्डरजवळ डाग (सोल्डर) देऊ नका. साधं शिसं-कथिल १८३ अंशांपासून मऊ पडतं, डाग सुटतो आणि सुटलेली तार जाऊन पत्र्याला टेकते. तिथे तारेच्या टोकाला लग (भोक असलेली धातूची पट्टी) दाबून स्क्रूने आवळणंच योग्य.

आता राहिली रिफ्लेक्टरची कड. ती प्लॅस्टिकच्या खोक्याला जिथे टेकते, तिथे नव्याने वितळायला सुरुवात होईल. भोकाजवळची उष्णता धातूने तिथे नेऊन पोचवलेली असते. मध्ये ओव्हनच्या दाराला असते तशी फायबर ग्लासची दोरी किंवा सिलिकॉनची रिंग घाला. रिफ्लेक्टरच्या पाठीपासून प्लॅस्टिक आणि बॅटरी निदान १५-२० मिमी लांब ठेवा.

पहिली चाचणी फरशीवर, मोकळ्या जागेत. मल्टिमीटरबरोबर मिळणारी के-टाइप तापमानाची तार रिफ्लेक्टरच्या कडेला लावा आणि १, ३ व १० मिनिटांनी आकडा पाहा. प्लॅस्टिकला टेकणारी कड ८० अंशांपलीकडे गेली तर दोरी जाड करा किंवा खोक्याला वर-खाली ४ मिमीची चार भोकं पाडा. टॉर्च आडवी धरून एकदा आणि तोंड खाली करून एकदा, अशी दोनदा चाचणी घ्या. तोंड खाली असताना गरम हवा होल्डर आणि बॅटरीकडे चढते, आणि बांधावरून चालताना टॉर्च खालीच असते.

बॅटरीविषयी एकच. ४.५ एएच हा आकडा वीस तासांच्या सावकाश वापराचा असतो. ३.३ अँपिअर ओढल्यावर पाऊण तास धरून चाला. व्होल्टेज ५.२५च्या खाली जाऊ देऊ नका, तिथपर्यंत उजेड पूर्ण उजेडाच्या दोन-तृतीयांशाखाली आलेला असतो, तोच इशारा समजा.

प्रश्न : जुन्या मोटारसायकलचा धातूचा रिफ्लेक्टर मिळाला, पण आतून काळपट झालाय. क्रोम करून देणारा म्हणतो, आरशासारखा चकचकीत करून देतो. करावा का? — नाशिक

उत्तर : चकचकीत होईल, पण उजेड कमी पडेल. पडणाऱ्या उजेडापैकी क्रोम साधारण ६५ टक्केच परत फेकतो. ॲल्युमिनियमचा ताजा थर ८५ ते ९० टक्के फेकतो आणि चांदी त्याहून जास्त, पण ती गंधकाच्या हवेने काळी पडते. क्रोमची चमक निळसर आणि कडक असते म्हणून डोळा फसतो. बंपर आणि रिफ्लेक्टर यांना एकच मुलामा चालत नाही.

तुम्हाला हवं ते काम म्हणजे व्हॅक्यूम मेटलायझिंग, निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा थर चढवणं. मोठ्या शहरांत खेळणी, बाटल्यांची झाकणं, शोभेच्या वस्तू चमकवणारे कारखाने ते करतात. काम देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा : वस्तू धातूची आहे, आणि ती तापणार आहे. थराखाली आणि वर ते लाखेचा हात देतात. ती लाख नेहमीची, प्लॅस्टिकसाठीची असली तर हॅलोजनपुढे पिवळी पडून सुटते. भट्टीत भाजून पक्की होणारी लाख मागा. जुना थर आणि गंज आधी पूर्ण काढून पॉलिश पेपरने ४००, ८००, १२०० अशा क्रमाने पत्रा गुळगुळीत करून द्या. थर फार पातळ असतो, खालचा ओरखडा तो झाकत नाही, उलट उठून दाखवतो.

रिफ्लेक्टर सबंध ॲल्युमिनियमचा असेल तर लेथवर फिरवून २००० नंबरच्या पेपरनंतर ब्रासो आणि सुती कापडाने हातपॉलिशही करता येतं. मुलाम्याची सर येत नाही आणि काही महिन्यांत चमक उतरते, पण पुन्हा करायला खर्च शून्य.

प्रश्न : स्टीलची वाटी रिफ्लेक्टर म्हणून चालेल का? आकार तर तसाच दिसतो. — विद्यार्थी, इयत्ता दहावी, सातारा

उत्तर : वितळणार नाही, एवढाच तिचा गुण. वाटी गोलाचा तुकडा असते, रिफ्लेक्टर अन्वस्ताचा (पॅराबोलाचा). तुमच्या पुस्तकात अंतर्गोल आरशाची नाभी वक्रता त्रिज्येच्या निम्म्यावर दाखवलेली असते, पण ते आरशाच्या मधल्या छोट्या भागापुरतंच खरं. कडेवरून परतलेले किरण त्या बिंदूत येत नाहीत. वाटी खोल, म्हणजे कड भरपूर, म्हणजे झोताऐवजी धुरकट गोळा. वर स्टील उजेडाचा साठ-पासष्ट टक्केच भाग परत फेकतं. प्रयोग म्हणून जरूर करा, दोन्ही झोत भिंतीवर शेजारी पाडून पाहा. चाचणीला टॉर्चचा साधा बल्ब वापरा, हॅलोजन नको.

प्रश्न : अमेरिकेतल्या भावाने दिलेली दोन डी (जाड्या) सेलची जुनी मॅगलाइट टॉर्च आहे, बल्बची. शरीर ॲल्युमिनियमचं आहे, तेव्हा गरम बल्ब सहज पेलेल असं वाटतं. काय काय बदलावं लागेल? — पुणे

उत्तर : बाहेरून ॲल्युमिनियम, पण जिथे आच लागते तिथे प्लॅस्टिक, अशी या टॉर्चची रचना आहे. १९७९ साली ती बाजारात आली तेव्हा दोन सेलवरचा दोन-तीन वॅटचा बल्ब डोळ्यांपुढे होता, त्याला ते पुरेसं होतं. २० वॅटला रिफ्लेक्टर, पुढचं भिंग (तोंडावरची पारदर्शक चकती) आणि बल्बची बैठक, तिन्ही बदलावी लागतात. एक बदलून दोन ठेवलीत तर बिघाड उरलेल्या दोघांकडे सरकतो, थांबत नाही.

रिफ्लेक्टर सुमारे ५२ मिमी व्यासाचा, ॲल्युमिनियमचा लागेल. परदेशात या टॉर्चसाठी तयार मिळत आले आहेत, गुळगुळीत आणि दाणेदार अशा दोन प्रकारांत. दाणेदार घ्या. हॅलोजनची फिलामेंट लांबट असते, गुळगुळीत रिफ्लेक्टर तिची वळणं आणि काळे पट्टे जसेच्या तसे भिंतीवर काढतो. दाणे ते पुसतात, बदल्यात टोकाचा पल्ला थोडा घटतो. मूळ रिफ्लेक्टरच्या शेपटीला एक तिरकी कड असते, डोकं फिरवलं की तिच्यामुळे झोत लहानमोठा होतो. सिरॅमिक होल्डर बसवल्यावर शेपटी त्याच्यावर आदळते, म्हणून नव्या रिफ्लेक्टरला ती नसते. कुणी मूळ रिफ्लेक्टर कापून वापरायचं सुचवलं तर ऐकू नका, तो प्लॅस्टिकचाच आहे.

दोन डी सेलचे ३ व्होल्ट झाले, बल्ब ६ व्होल्टचा. नळीत एका डी सेलच्या जागी तीन एए (पेन्सिल) सेल बसवणारे साचे येतात. तीन एएचं वर्तुळ ३१ मिमीच्या थोडं वर भरतं, म्हणून जमतं. दोन साच्यांत सहा एए होतात, पण आपल्याला पाचच हवेत (कारण पुढे कोल्हापूरच्या पत्रात). सहाव्या जागी १४ मिमी व्यासाचा ५० मिमी लांब पितळी रॉड टाका आणि त्याच्या अंगावर हीट-श्रिंक नळी चढवा. सेल पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचेच घ्या, २००० एमएएचचे. ३.३ अँपिअरवर ते अर्धा तास ते पस्तीस मिनिटं देतात. साधे झिंक-कार्बन सेल इतका प्रवाह देऊच शकत नाहीत. त्यांचं व्होल्टेज आतल्या रोधात बसतं आणि बल्ब लालसर मिणमिणतो. लिथियम-आयन सेल दोन घातले तर भरल्यावर ८.४ व्होल्ट होतात, ६ व्होल्टचा बल्ब पहिल्याच क्षणी जाईल.

आणखी एक जागा हमखास विसरली जाते : शेपटीच्या झाकणातली स्प्रिंग. पोलादी स्प्रिंग, झाकणाचे आटे आणि स्विच मिळून ०.१ ओहम रोध सहज होतो. ३.३ अँपिअरला ०.३३ व्होल्ट तिथेच जळतात. पाच टक्क्यांहून जास्त व्होल्टेज गेलं म्हणजे उजेड सतरा-अठरा टक्के गेला. स्प्रिंग तापून तिचा ताणही उतरतो आणि सेल खुळखुळायला लागतात. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना जोडणारी तांब्याची लवचीक वेणी डाग देऊन लावा, इथे डाग चालतो कारण बल्ब लांब आहे. झाकणाच्या आट्यांवरचा आणि बुडावरचा ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक) थर वीज वाहू देत नाही, टेकणारी कड पेपरने घासून उघडी करा.

बल्बला बोट लावू नका. बोटाच्या घामातला क्षार तापल्यावर क्वार्ट्‌झ काच पांढरी आणि ठिसूळ करतो. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच पेटवा.

प्रश्न : धातूचा रिफ्लेक्टर बसवला, वितळणं थांबलं. पण झोताच्या मधोमध काळं भोक आहे. बल्ब पुढे घ्यावा की मागे? — रत्नागिरी

उत्तर : अंदाजाने स्क्रू फिरवत बसू नका, आधी मोजा. रिफ्लेक्टरच्या तोंडाचा व्यास घ्या, भोकाचा व्यास घ्या, आणि तोंडापासून भोकाच्या कडेपर्यंतची खोली घ्या. खोली मोजायला तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून व्हर्नियर कॅलिपरची मागची काडी आत सोडायची. मग :

नाभीय अंतर = (तोंडाच्या व्यासाचा वर्ग − भोकाच्या व्यासाचा वर्ग) ÷ (१६ × खोली)

समजा तोंड १०० मिमी, भोक १६ मिमी, खोली ४०.६ मिमी. ९७४४ भागिले ६४९.६, म्हणजे १५ मिमी. हे अंतर वक्राच्या तळापासूनचं, आणि तळ तर भोकात कापला गेलाय. तो भोकाच्या कडेमागे किती होता, ते भोकाच्या व्यासाचा वर्ग भागिले (१६ × नाभीय अंतर) यावरून निघतं : २५६ भागिले २४०, साधारण १.१ मिमी. म्हणून फिलामेंटचा मध्य भोकाच्या कडेपासून १३.९ मिमी पुढे यायला हवा. बल्बच्या पिनांच्या टोकापासून फिलामेंटच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे ते बल्ब पेटवण्याआधी मोजून ठेवा, तेवढ्यावरून वॉशर किती लागतील ते ठरतं.

आता शेवटची बारीक जुळणी. टॉर्च आठ-दहा मीटरवरच्या भिंतीवर मारा. दोन मीटरवर जुळवलेला झोत लांबवर हमखास बिघडतो. काळं भोक दिसत असताना काचेपुढे, काचेला न टेकवता, पुठ्ठ्याने वरचा अर्धा भाग क्षणभर झाका. भिंतीवरच्या कड्याचा खालचा अर्धा भाग गेला तर किरण वाटेत एकमेकांना ओलांडताहेत, म्हणजे फिलामेंट नाभीच्या पुढे आहे. बल्ब मागे घ्या. वरचाच भाग गेला तर फिलामेंट नाभीच्या मागे आहे, बल्ब पुढे काढा. एका वेळी पाव मिलिमीटर, आणि प्रत्येक वेळी बल्ब पूर्ण गार होऊ द्या. काळं भोक गोल न राहता एका बाजूला ओढलेलं दिसलं तर चूक पुढे-मागेची नाही, बल्ब मध्यावर नाही. त्यासाठी लांबट भोकं केलेली असतातच.

मध्य जुळूनही झोत जाडजूड राहिला, तर फिलामेंटच मोठी आहे. १२ व्होल्टच्या बल्बची तार त्याच वॅटच्या ६ व्होल्टच्या बल्बपेक्षा लांब असते. पल्ला वॅटवर ठरत नाही, लहान जागेतून किती प्रखर उजेड निघतो आणि रिफ्लेक्टर किती मोठा आहे यावर ठरतो. ५२ मिमीच्या टॉर्चमध्ये १०० वॅट घालून गवत पेटवता येईल, पण मोठ्या रिफ्लेक्टरच्या २० वॅटइतकं लांब दिसेलच असं नाही.

प्रश्न : बॅटरी पूर्ण चार्ज करून लावली की बटण दाबताच निळसर झगमगाट होतो आणि बल्ब जातो. तीन बल्ब गेले. सेल सहा एए, बल्ब ६ व्होल्ट २० वॅट. बल्ब खराब आहेत का? — कोल्हापूर

उत्तर : बल्ब चांगले आहेत, सेल एक जास्त आहे. चार्जरवरून काढलेला निकेल मेटल हायड्राइडचा सेल १.४ व्होल्टच्या वर असतो. सहा झाले साडेआठ व्होल्ट. हॅलोजनचा ढोबळ हिशेब लक्षात ठेवा : उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या जवळपास वाढतो, आयुष्य बाराव्या घाताने घटतं. दहा टक्के जादा व्होल्टेजला उजेड ३८ ते ४० टक्के वाढतो आणि आयुष्य एक-तृतीयांशावर येतं. डब्यावर १०० तास लिहिलेला बल्ब तीस-बत्तीस तास चालेल. टॉर्चला तेही पुष्कळ, म्हणून थोडं जादा व्होल्टेज देणं हा शहाणा सौदा आहे. चाळीस टक्के जादा देणं हा सौदा नव्हे, फटाका आहे.

पाच सेल करा. तेही चार्जिंगनंतर रात्रभर ठेवून वापरा, किंवा मोटारीच्या १० वॅटच्या बल्बवर मिनिटभर चालवून वरची मलई काढून टाका. शिशाच्या बॅटरीलाही हेच : चार्जरवरून काढताच ७ व्होल्टच्या आसपास असते, तासाभरात ६.४वर येते.

दुसरा धक्का थंड तारेचा. पेटल्यावर या बल्बचा रोध १.८ ओहम असतो, थंड असताना त्याच्या बारा-पंधराव्या हिश्श्याइतका. बटण दाबण्याच्या क्षणी पंधरा-वीस अँपिअर जातात, आणि स्विचचे टोकही त्यातच जळतात. उपाय सोपा आहे. बल्बची ऋण बाजू आणि बॅटरी यांच्यामध्ये आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट (ड्रेन, सोर्स आणि गेट अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच) घाला. ड्रेन बल्बकडे, सोर्स बॅटरीच्या ऋणाकडे. टॉर्चच्या मूळ स्विचमधून धन बाजू १०० किलोओहममार्गे गेटला द्या. गेट आणि सोर्समध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगाओहमचा रोधक जोडा. गेट सावकाश चढतो आणि तारेला तापायला चाळीसेक मिलिसेकंद मिळतात. बंद केल्यावर दिवा पाऊणएक सेकंद रेंगाळून विझतो, तो दोष नाही. एक सावधगिरी : मॉस्फेटची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते. ती टॉर्चच्या शरीराला लागली तर दिवा कायमचा चालू राहील. अभ्रकाची पत्ती आणि प्लॅस्टिकचा वॉशर घालून बसवा, तोही बल्बपासून लांब.

बल्ब फुटण्याऐवजी खालची चपटी काच तडकत असेल तर कारण वेगळं. तिथली सील ३५० अंशांपलीकडे टिकत नाही. सैल होल्डरमध्ये पिना तापतात आणि ती उष्णता थेट सीलमध्ये चढते. होल्डर बदला.

प्रश्न : रिफ्लेक्टर नवा होता. होल्डर इन्स्टंट ग्लूने चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी आतून पांढरी बुरशीसारखी झाक आली. कशाने पुसू? — ठाणे

उत्तर : पुसू नका. इन्स्टंट ग्लूची वाफ बंद जागेत थरावर बसून पांढरी पडते. ॲसिटोनने ती निघते, पण तिच्यासोबत लाख आणि लाखेसोबत चमकही निघते. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनचाही असाच उपद्रव, त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड ॲल्युमिनियम खातं. डाग देताना उडणारा राळेचा धूर तिसरा. चिकटवणं टाळता येत नसेल तर होल्डर रिफ्लेक्टरपासून वेगळा करून चिकटवा आणि दोन दिवस उघड्यावर वाळू द्या. तयार मिळणारी दोन भागांची इपॉक्सी लांबी थंडीत दगडासारखी वाटते, पण हॅलोजनशेजारी मऊ पडून होल्डर तिरका होतो. शक्य असेल तिथे स्क्रूच वापरा. नुसती धूळ बसली असेल तर फुंकणीने उडवा, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरची धार सोडून उभं वाळवा, कापड लावू नका.

प्रश्न : भिंग वितळलं म्हणून काचेच्या दुकानातून २ मिमीची काच गोल कापून घेतली. पहिल्या पावसातच मधून तडकली. जाड घेऊ का? — कणकवली

उत्तर : जाड काच लवकर तडकते, कारण एक बाजू तापलेली आणि दुसरी गार, हा फरक तिच्यात जास्त राहतो. खिडकीची साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ पावणेतीनपट प्रसरण पावते. त्यात थंड थेंब पडला की तेवढीच जागा आक्रसते आणि तडा जातो. प्रयोगशाळेच्या काचसामानाच्या दुकानात बोरोसिलिकेटची चकती मागा, २ मिमी पुरे. साधी पण टफन्ड काचही चालेल, मात्र माप आधी द्यायला हवं. टफन केल्यावर ती कापता येत नाही, कापायला गेलात तर खडीसाखर होते.

काचेची कड १००० नंबरच्या पेपरने पाण्याखाली घासून घ्या, कापताना राहिलेल्या बारीक टवक्यांतूनच तडा सुरू होतो. व्यास डोक्याच्या खाचेपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा, धातू आणि काच सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. मूळची काळी रबरी ओ-रिंग शंभर-सव्वाशे अंशांना कडक होते, तिच्या जागी सिलिकॉनची लाल रिंग घाला. लोडशेडिंगमध्ये टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवायची सवय या बल्बला सोडावी लागेल, कारण सगळी उष्णता काचेखाली साचते. आणि पुढचं कडं पूर्ण आवळून झाल्यावर पाव फेरी मागे सोडा.